जस्ताने न धरलेली पाच बोटं

बाबा अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, लोखंडाला जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात फोरमन होते. दसऱ्याला तिथली सगळी यंत्रं झेंडूचे हार घालून गप्प बसत, जस्ताची टाकी मात्र पेटलेलीच असे. विझली तर आतलं जस्त गोठायचं. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांनाही आत यायला मिळे.

एका दसऱ्याला कारखान्याच्या शेठनी टाकीत बुडायचा पहिला मान आमच्या बोरिवलीच्या नव्या घराच्या ग्रिलला दिला. तेजाबातून निघून, धुऊन सुकून ती क्रेनला लटकत होती. आता तिला कुणी शिवायचं नाही, हा बाबांचा नियम. तेलकट बोट लागलं तरी ते समोरच्याला फाडून खात. आईने तर कुंकू तेलातच कालवून आणलेलं.

"नव्या वस्तूक कुंकू लावूक नको?" म्हणत तिने रुंद पट्टीवर पाचही बोटं उमटवली. बाबा एक पाऊल पुढे आले आणि थांबले. सणाच्या दिवशी, चार माणसांत, बायकोचा हात धरायची त्यांची काय बिशाद.

ग्रिल बुडाली. तडतड झाली, पांढरा धूर उठला. ती वर आली तेव्हा मी नकळत पुढे सरकले. मघाचं मळकट लोखंड चिंचेने घासलेल्या भांड्यासारखं लखलखत होतं आणि निवता निवता माझ्या डोळ्यांदेखत त्यावर जस्ताची चंदेरी फुलं उमटत गेली. इतकं सुंदर काही बाबा रोज बघतात, हे मला माहीतच नव्हतं.

पट्टीवर मात्र पाच काळे ठिपके तसेच राहिले होते. तेल होतं तिथे जस्त धरलंच नव्हतं.

आईचा चेहरा उतरला. "लोखंडान माझा कुंकू घेतल्यान नाय," ती म्हणाली. नव्या घराला अपशकुन झाला, असंच तिने मनाला लावून घेतलं.

ग्रिल पुन्हा तेजाबात टाकली असती तर ठिपके गेले असते. गिऱ्हाइकाचा माल असता तर बाबांनी तेच केलं असतं. पण ते म्हणाले, "अगो, कुंकू घेतल्यान, म्हणान तर जस्त लागला नाय."

तेव्हापासून दर दसऱ्याला बाबा ते ठिपके घासून त्यांवर जस्ताचा रंग लावत. खाडीच्या वाऱ्याने शेजाऱ्यांच्या ग्रिल गंजल्या, आमची टिकली.

गेल्या वर्षी बाबा गेले. दसऱ्याला मी सवयीने कुंकवाचं ताट आईपुढे धरलं. तिने ते बाजूला सारलं. बाबा गेल्यावरही तिने कुंकवाला हात लावायला हरकत नाही, हे माझं सांगणं तिला पटलं नव्हतं. मग तिने बाबांचा रंगाचा डबा मागितला, पाचही बोटं त्यात बुडवली आणि ठिपक्यांवर टेकवली.

बोटं जिथल्या तिथे बसली.