वरची जागा नाकासाठी

शिराजकाका चाखायला बसले की आधी पंखा बंद करत, मग खिडक्या लावून घेत. "वास वाऱ्यावर गेला तर उरंल काय, लाल पाणी," म्हणत. पळसदरीच्या आमच्या रिसॉर्टवर पाहुण्यांना वाइन चाखवायचं काम त्यांचं. मी व्यवस्थापक, पण पाहुणे यायचे ते काकांसाठी.

शिराज ही जड अंगाची लाल वाइन त्यांची लाडकी, नावही तिच्यावरूनच पडलेलं. कर्जतच्या उन्हाळ्यात ती आधी जरा गार करायची, मग उघडून मोकळी ठेवायची आणि पेला निम्म्याहून कमी भरायचा. "वरची जागा नाकासाठी हाय." सोबत काळ्या मसाल्याचं सुकं मटण. एकाने तिच्याबरोबर कोळंबीचं आंबट कालवण मागवलं, तेव्हा काका म्हणाले, "साहेब, भांडण त्या दोघींचं, मार तुमच्या जिभेला."

मग एका तापातून उठले ते नाक गमावूनच. हे फक्त मला सांगितलं. तेव्हापासून बाटली आधी मी हुंगायचो आणि पेले पुसता पुसता पुटपुटायचो, "मिरी, पिकलं जांभूळ." काका तेच पाहुण्यांपुढे रंगवून सांगत. "तुज्या नाकावर माजी भाकरी हाय रं," म्हणत. माझीही होतीच. खोलीवर मात्र ते रोज दिवेलागणीला खिडक्या लावून, पेल्यात नाक खुपसून बसत. वास परत येतोय का, बघत.

शेलूहून त्यांची धाकटी बहीण त्यांना न्यायला आली. खोलीबाहेरच्या ओट्यावर बसूनच म्हणाली, "दादा, एकटा नको राहू. काय झालं तर कळंल का कुणाला?"

"मला कळंल की. नाक हाय माजं," काका आतून म्हणाले आणि शेजारी उभ्या माझ्याकडे बघितलं.

तेव्हाच शेगडीकडून गॅसचा बारीक वास आला. बटण बंद होतं, म्हणजे नळी गळत होती. बोललो असतो तर ताईला सगळं कळलं असतं, आणि सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर होता. मी गुपचूप सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली. नळी सकाळी बदलू, असं ठरवलं.

"काय रं?" काकांनी विचारलं.

"काही नाही, काका."

ताईला स्टेशनवर सोडायला निघालो. स्फोटाचा आवाज आम्हाला रस्त्यातच ऐकू आला. काकांनी चहासाठी सिलिंडर उघडला असणार. खिडकी तर लावलीच असणार, त्यांची चाखायची वेळ होती.

तेराव्याला ताईने मलाच विचारलं, "दादाचं नाक एवढं तिखट. वास कसा नाय आला, भाऊ?"

मी मान खाली घातली. ती आजवर वर केलेली नाही.

ताई, वास आला होता. मला.