पाणबुड्याच्या टाकीला दसऱ्याचं तेल

संपाच्या पहिल्याच महिन्यात दत्ताराम परबनं गिरणीच्या दारात एका फुटिराचा खांदा पान्यानं फोडला, आणि त्याच संध्याकाळी पोलिसांनी त्याचा गुडघा फोडला. फिट्टंफाट झाली, असं लालबागच्या चाळीत लोक म्हणाले. पण दत्तारामच्या अंगातली आग काही विझेना. नळावर भांडण झालं की हा पुढे. भाजी खारट झाली की राधाच्या पाठीत बुक्का. संपानं माणूस बिघडला, म्हणून शेजारणी वर त्याचीच कड घ्यायच्या. अहो, संप तर शेजारच्या गणपतचाही होता. त्यानं कधी बायकोवर हात टाकला नाही.

संपाला दुसरं वर्ष लागलं तेव्हा कॉटन ग्रीनच्या एका भंगारवाल्या शेठनं त्याला गोदामात कामाला घेतलं. मोडीत निघालेल्या जहाजांतून तिथे पाणबुड्यांच्या जुन्या टाक्या यायच्या, पाठीला बांधून समुद्रात उतरायच्या त्या, गंजून लाल झालेल्या. दत्ताराम त्यांत खडे आणि साखळी घालून त्या जमिनीवर गडगडवायचा, गंज ओतून काढायचा, वाल्व्ह दुरुस्त करायचा, रंग द्यायचा. गिरणीत तो फिटर होता. पुन्हा फिटरचं काम हाती आलं, म्हणून स्वारी खुशीत होती. लहू कोळी नावाच्या पाणबुड्यानं एक टाकी मागितली होती; ती नीट तयार झाली तर कायम करतो, असं शेठनं सांगितलं होतं.

तेवढ्यात दसरा आला. दसऱ्याला गिरणीत अख्खं खातं यंत्रं पुसून, तेल पाजून, झेंडूच्या माळा घालून पूजा करायचं. गेल्या दसऱ्याला दत्ताराम भिंतीकडे तोंड करून पडून राहिला होता. ह्या वर्षी तो राधाच्या हाती तबक देऊन तिला गोदामात घेऊन गेला. लहूच्या टाकीला हळदकुंकू वाहिलं, माळ घातली, आणि तेलाची बुधली वाल्व्हच्या तोंडात उलटी केली.

गॅसनं लोखंड कापणारा रघू ओरडत धावत आला. “दत्तादा, तेल नको! हवेचा पंप बंद पडलाय. उद्या माझ्या ऑक्सिजनवर टाकी टेस्ट करायची आहे. ऑक्सिजनला तेल लागलं की भडकाच उडतो!”

“माका शिकवतस?” दत्तारामनं त्याच्या मुस्काटात मारली. रघूचं डोकं भिंतीवर आदळलं, ओठ फुटला.

“मार, पण ते पुसून काढ,” रघू रक्त थुंकत म्हणाला.

दसऱ्याचं तेल पुसायचं? दत्तारामला तो अपशकुन वाटला. त्यानं पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी राधा डबा घेऊन आली, तेव्हा गोदामात बाचाबाची चालली होती. रघू सिलिंडर खोलायला तयार नव्हता.

“फुटीर साला!” म्हणत दत्तारामनं स्वतःच नळी जोडली, उजवा हात वाल्व्हवर ठेवला आणि डाव्यानं सिलिंडरचा कॉक फिरवला.

मोठा स्फोट झाला. पत्रे हादरले. दत्ताराम जमिनीवर पडला, आणि उजव्या हाताची बोटं जागेवर नव्हती. रघूनं जळत्या नळीवरून उडी मारून कॉक बंद केला, नाहीतर गोदामातलं कुणीच वाचलं नसतं. पण आवाज ऐकून धावत आलेल्या शेठच्या हमालांना दिसलं ते एवढंच, की सिलिंडर रघूचा आणि कॉकवर हातही रघूचा. त्यांनी त्याला खाली पाडलं. लाथा, बुक्के, कुणाच्या हातात गज.

“मी नाय केलं! दत्तादा, सांग ना रे!” रघू कळवळून ओरडत होता.

दत्ताराम शुद्धीवर होता. त्याला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. तेल मी घातलं, एवढं म्हटलं असतं तर मारणारे थांबले असते, पण नोकरीही गेली असती. तो तोंड मिटून पडून राहिला.

राधा त्या गर्दीत घुसली आणि रघूवर आडवी पडली. एक लाथ तिलाही बसली.

“ह्याला कशाला मारता? तेल माझ्या नवऱ्यानं घातलं! ह्यानं नको म्हटलं तर ह्यालाच मारलं! मी बघितलंय!”

हमाल थांबले. त्यांच्यामागून आलेल्या शेठनं दत्तारामकडे बघितलं आणि दरवाजाकडे बोट केलं.

राधा नवऱ्यापाशी आली. दत्तारामचे डोळे लाल झाले होते. “रांडे, माझी रोजी घालवलीस,” असं म्हणत त्यानं उजवा हात उगारला.

ती मागे सरली नाही. “मारा ना,” ती म्हणाली. “बघू कशानं मारता.”

मग तिनं पदर फाडला, आणि तो ओरडत असताना ते थोटूक घट्ट बांधून टाकलं.