लांबलेली प्रार्थना

दूध उतू जाण्याच्या बेतात होतं, सून केस विंचरत होती आणि टेलर मास्तर नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या चटईवर डोळे मिटून बसले होते, तेवढ्यात दारावर थाप पडली.

मास्तरांची प्रार्थना अख्ख्या घराला पाठ झालेली. दहा मिनिटं, मोठ्यानं, आणि शेवट कायम तोच: माझ्या धाकट्या भावाचं मन वळव, त्याला एकदा माझ्या दाराशी आण. एका बिघडलेल्या कोटावरून दोघांची जुंपली होती. कापड चुकीचं कापलं कुणी, यावरून नऊ वर्षं अबोला. धाकट्यानं दोन गल्ल्या पलीकडे वेगळं दुकान थाटलं होतं. शेजारीपाजारी म्हणायचे, भावासाठी रोज देवाजवळ रडतो, मन केवढं मोठं. मास्तरांना ते ऐकायला गोड लागायचं.

बायकोनं दार उघडलं. दारात धाकटा.

मास्तरांनी डोळे किलकिले करून पाहिलं आणि पुन्हा घट्ट मिटले. बसू दे ताटकळत. संपत आलेली प्रार्थना त्यांनी पहिल्यापासून सुरू केली. देव आज फार दिवसांनी भेटलाय वाटतं, असं सून पुटपुटली. ओठ देवाशी बोलत होते, कान मात्र धाकटा बसला होता त्या स्टुलाच्या कुरकुरीकडे. धाकटा वहिनीला सांगत होता, हाताला कंप सुटलाय, सुईत दोरा ओवायलाच पाव तास जातो. मग कोटाचा विषय त्यानंच काढला. कात्री माझीच चुकली होती, म्हणाला. मास्तरांना आतून गुदगुल्या झाल्या. प्रार्थना आणखी लांबली.

डोळे उघडले तेव्हा स्टूल रिकामं होतं.

बायको कप विसळत होती. वळून न पाहताच म्हणाली, "इतकी वर्षं देवाला हाका मारत होतात. आज त्यानं ओ दिली, तर तुम्हीच झोपेचं सोंग घेतलंत."

मास्तर कामाला बसले. शर्टाची काजं करताना सुई तीनदा बोटात घुसली. मागितलेलं दारात आलं, तेव्हा आपल्याला ते नकोच होतं. देवाला हे पहिल्यापासून ठाऊक असणार. कळायचं राहिलं होतं ते आपल्यालाच.

दुपारी ते दोन गल्ल्या ओलांडून गेले. धाकटा खिडकीच्या उजेडात सुई धरून बसला होता. दोरा सारखा बाजूनं निसटत होता.

"ये दादा. प्रार्थना आटोपली का?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त झोंबलं. मास्तर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, मान खाली घालून.

"सगळं ऐकत होतो रे मी. मुद्दाम उठलो नाही. रोज सकाळी येऊन तुझ्या सुया ओवून देऊ दे मला."