मागच्या बाई

शहर दाखवणारा मनुष्य पुढे चालतो आणि पाहणारे त्याच्या मागून जातात, अशी जगाची रीत आहे. मागच्या बाईंनी ती कधी पाळली नाही. डब्लिनमध्ये मी त्यांच्यासोबत जितक्या वेळा सायकलवरून हिंडलो, तितक्या वेळा त्या माझ्या मागे राहिल्या आणि मागूनच "आता डावीकडे घ्या", "पुलावर चढू नका, खालून चला", "ती बस आधी जाऊ द्या" असे घोगऱ्या, खणखणीत आवाजात सांगत राहिल्या. त्यांचे नाव मोरीन. पण पहिल्या दिवशी घरी परतल्यावर "गाइड कशी होती?" असे मुलाने विचारले, तेव्हा "मागे होती" एवढेच मी म्हणालो, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात त्या मागच्या बाई झाल्या.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, त्यांच्या मागे राहण्याविषयी आमच्या कुटुंबात आणि तिथल्या मराठी मंडळींत जी हकीकत प्रचलित आहे, ती साफ चुकीची आहे. माझा मुलगा समीर ती माझ्यादेखत सांगतो. मलिंगार गावी त्याच्या मित्राकडे जेवायला गेलो असता त्याने सांगितलेच: "गाइड मागे आरामात, आणि बाबा सरळ खांबावर!" सगळे हसले. सून प्राजक्ता हिची हकीकत वेगळी. तिच्या मते मी दुखणे लपवून ठेवले होते. मी सांगलीच्या न्यायालयात हयातभर वकिली केली आहे. ऐकीव साक्ष आणि डोळ्यांदेखतची साक्ष यांतला फरक मला कोणी शिकवू नये. त्या दिवशी कालव्यावर समीर नव्हता, प्राजक्ताही नव्हती. मी होतो आणि मागच्या बाई होत्या. त्या बाईंनी माझे काय भले केले ते नीट नोंदले जावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

समीर ग्रँड कॅनाल डॉकपाशी एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. त्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे राहायला गेलो होतो. दिवसभर मुलगा, सून, नात ही तिघे बाहेर आणि मी घरात. टीव्हीवरच्या बातमीदाराशी माझे वाद चालत. वाढदिवसाची भेट म्हणून त्याने ही सायकल-सफर ठरवली. "खाजगी टूर आहे बाबा. तुम्ही आणि गाइड, बस. ग्रुपमध्ये तुम्ही भांडाल." सांगलीत मी काळा कोट कॅरिअरला अडकवून कितीतरी वर्षे सायकलवरून कोर्टात गेलो, हे त्याला आठवत होते, याचा मला आनंद झाला. भांडाल हा शब्द मात्र मी मान्य केला नाही. नात ईरा तिथेच वाढलेली. मराठी सगळे समजते, उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, "यू विल बी ग्रँड, आजोबा." ग्रँड म्हणजे तिकडे भव्य नव्हे, नुसते ठीक.

बाई साठी ओलांडलेल्या, उंच, पांढऱ्या केसांचा आखूड कापलेला झुबका, आणि लख्ख ऊन असले तरी अंगात पिवळा रेनकोट. त्यांचे इंग्रजी मला आरंभी निम्मेच उमगत होते. इथे मी त्यांचे बोलणे मराठीत देतो आहे. मी वकील होतो हे कळल्यावर त्या मला काउन्सेलर म्हणू लागल्या. मी पहिल्याच चौकात थांबून विचारले, "तुम्ही पुढे का होत नाही? वाटाड्याचे पैसे भरले असताना मी स्वतःच वाट काढायची काय?"

"मी आयुष्यभर बस चालवली, काउन्सेलर," त्या म्हणाल्या. "सगळं शहर माझ्या पाठीमागे बसून गेलं. कोण हसतंय, कोण रडतंय, मला आरशात तुकड्यातुकड्यानं दिसायचं. आता मला माणसं मागून नीट बघायची आहेत."

"मागून काय दिसतं माणसाचं?"

"समोरून तो जे दाखवत नाही ते."

मला हे उत्तर त्या वेळी पोकळ वाटले. तसे मी बोललोही. त्या फक्त म्हणाल्या, "सिग्नल हिरवा झालाय."

आमचा पहिला खरा वाद घंटेवरून झाला. वळण आले, माणूस दिसला, कुत्रे दिसले की घंटा वाजवायची ही सांगलीची सवय. ती सभ्यता आहे. न वाजवता अंगावर येणारा तो असभ्य. पण डब्लिनच्या लोकांची तऱ्हा अशी की, घंटा ऐकताच ते दचकून बाजूला होत आणि उलट माझीच माफी मागत. मागून बाईंचा आवाज आला, "इथे घंटा वाजवली की माणसाला वाटतं, तुम्ही त्याच्यावर रागावलात."

"मी त्याला सूचना देतो आहे."

"मग सूचना तोंडानं द्या."

मी दिली. कालव्याकाठच्या वाटेवर "बाजू, बाजू!" असे ओरडत गेलो आणि लोक हसून हात हलवू लागले. बाईंना तो शब्द इतका आवडला की पुढच्या खेपेपासून त्याही मागून "बाजू!" म्हणू लागल्या. त्यांच्या तोंडी तो 'बाऽजू' असा होई. डब्लिनच्या कालव्यावर एखाद्याने आजही त्या हाकेला वाट दिली, तर त्याचे श्रेय सांगलीचे आहे, हे ध्यानात असू द्यावे.

नदी दाखवताना मी म्हणालो, "ही तुमची नदी? कृष्णेच्या काठचे लोक याला ओढा म्हणतील."

"ओढ्यावर एवढे पूल कुणी बांधतं का?"

"तुमच्याकडे दगड स्वस्त असतील."

त्या खळखळून हसल्या. त्यांना माझ्या वादांचा राग येत नसे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. पुतळ्यांपाशी मात्र त्या थांबत नसत. "तुमच्या माणसाला उभं राहायचीच नोकरी आहे, तो कुठे जातोय?" असे म्हणून पुढे हाकत. तिकडे कोणाही तिऱ्हाइताला 'तुमचा माणूस' म्हणतात. मी हरकत घेतली की हा इसम माझा नाही, माझी त्याची ओळखही नाही. "वकीलपत्र नका घेऊ मग," त्या म्हणाल्या. पुतळ्यांऐवजी त्या मला दाखवत ती वस्ती: कुठल्या थांब्यावर कोणती आजी रोज तिकिटाचे पैसे विसरायची, कुठल्या गल्लीत लग्नाची वरात बसमध्ये शिरली होती. इतिहास मी पुस्तकात वाचू शकतो, हे त्यांनी गृहीत धरले होते. माझ्याविषयी इतका योग्य ग्रह फार थोड्यांनी करून घेतला आहे.

समीरने एका सफरीचे पैसे भरले होते. नंतरच्या सफरी मी माझ्या पेन्शनमधून केल्या, आणि त्याला सांगूनच केल्या.

आता त्या दिवसाविषयी. नदीकाठाने, न्यायालयाच्या हिरव्या घुमटापाशी थांबून, रंगीत दारांच्या जुन्या घरांवरून आम्ही कालव्यावर आलो. वाटेवर मोटारी शिरू नयेत म्हणून तिथे लोखंडी खांब रोवलेले असतात. माझे डावे हँडल त्यातल्या एकावर आदळले आणि मी सायकलसकट गवतावर आडवा झालो. गुडघा खरचटला. यापलीकडे काहीही झाले नाही. समीर ज्या थाटात हातवारे करून सांगतो, तसले तर मुळीच काही झाले नाही.

"लागलं?" बाई धावत आल्या.

"नाही. खांब चुकीच्या जागी आहे."

"मी बस चालवत होते तेव्हापासून आहे तो तिथे."

एरवी त्या हसल्या असत्या. त्या हसल्या नाहीत. कालव्याच्या पाण्याची पातळी बदलायला जी लाकडी दारे असतात, त्यांच्या जाड तुळईवर त्यांनी मला बसवले, थर्मासमधला चहा ओतून दिला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काउन्सेलर, एक विचारते. चिडायचं असेल तर चहा संपवून चिडा."

"विचारा."

"आज पूल दाखवला, तुम्ही वाद घातलात. घुमट दाखवला, वाद घातलात. दारांचे रंग तुम्हाला पसंत पडले नाहीत. हे सगळं उजवीकडे होतं. डावीकडे मी तुम्हाला राजहंसाचं घरटं दाखवलं, शाळा दाखवली, माझ्या मैत्रिणीनं खिडकीतून हात केला. तुम्ही गप्प. आणि तुम्ही गप्प बसणारा माणूस नाही."

मी म्हणालो की, मी दुर्लक्ष केले असेल. त्या म्हणाल्या, "उजवा डोळा झाका." मी झाकला. "माझ्या नाकाकडे बघा. बोट दिसलं की सांगा." मी त्यांच्या नाकाकडे पाहत राहिलो. वारा होता, पाणी झिरपत होते. बऱ्याच वेळाने मी विचारले, "बोट कधी दाखवणार?"

"ते हलतंय केव्हाचं," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वॉटरफोर्डकडे त्यांची गुरे होती. गोठ्याच्या फाटकाचा डावा खांब सारखा त्यांच्या अंगावर यायचा. घरच्यांनी खांब रंगवला, मग फाटक रुंद केले. "डोळे कुणी तपासले नाहीत. सगळे त्यांच्या पुढ्यात उभे राहून बोलायचे, आणि पुढ्यातलं त्यांना स्वच्छ दिसायचं. कळलं तेव्हा दोन्ही गेले होते." थोड्या वेळाने म्हणाल्या, "घरी तुम्ही सांगा. मी सांगितलं तर तुम्ही त्यांच्यासमोर माझ्याशी वाद घालाल आणि जिंकाल."

मी त्याच संध्याकाळी सांगितले. प्राजक्ताच्या हातातली चपाती तव्यावर तशीच राहिली. "बाबा, किती दिवस दिसत नाहीये? खरं सांगा हं."

"मला दिसत होते."

"मग खांब?"

जे दिसत नाही ते दिसत नाही, हे माणसाला कळणार कसे? डोळ्यापुढे काळोख येत नाही, पडदा येत नाही. जग आपले गुपचूप अरुंद होते आणि आपल्याला ते पुरते वाटते. याला लपवणे म्हणत नाहीत. पण न्याय करायचा तर हेही सांगतो, की दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मला डॉक्टरांकडे नेले ते प्राजक्तानेच. तिथे एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोके घालून, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे होते. डाव्या डोळ्याची पाळी आली तेव्हा ठिपकेच येईनात. यंत्र बिघडले आहे असे मी डॉक्टरांना सांगितले. यंत्र चांगले होते. काचबिंदू. डावा डोळा कडेने बराच गेलेला, उजव्याला सुरुवात. गेलेले परत येणार नाही. रोज नेमाने थेंब घातले तर राहिलेले राखता येईल. आणखी उशीर झाला असता तर उजव्याचीही तीच गत होती. रस्त्यावर सायकल बंद.

समीर तरीही सायकल-सफरवाल्यांना तक्रार लिहिणार होता. "पुढे राहिली असती तर खांब तिला दिसला असता ना बाबा!"

"पुढे राहिली असती," मी म्हणालो, "तर तिला नुसता खांब दिसला असता." तक्रार लिहिली गेली नाही. हकीकत मात्र त्याने सोडलेली नाही.

सायकल सुटली तरी बाई सुटल्या नाहीत. भारतात परतेपर्यंत त्या अधूनमधून येत आणि आम्ही पायी जात असू. पैसे मी पुढे केले तर म्हणत, "सायकलीचं भाडं घेते मी. सायकल कुठाय?" चालताना त्या माझ्या डाव्या अंगाला असत आणि तिकडचे सगळे सांगत जात: इथे पायरी, इथे फुलवाली, इथे एक पोरगं आइस्क्रीम सांडतंय. मी त्यातल्या निम्म्या गोष्टींवर, न पाहता, वाद घालत असे. शेवटच्या दिवशी त्या कोपऱ्यावर थांबल्या, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि "थेंब," एवढेच म्हणाल्या. मी म्हणालो, मला आठवण करून द्यायची गरज नाही.

थेंब मी चुकवलेले नाहीत. परवा सांगलीतल्या डॉक्टरांनी पुन्हा त्या यंत्रात बसवले आणि सांगितले की, उजवा डोळा होता तसाच आहे, काडीचाही उतरलेला नाही. मी घरी येऊन पहिला निरोप मागच्या बाईंना पाठवला. उत्तर आले ते त्यांच्या धाकट्या बहिणीचे, वॉटरफोर्डहून. मोरीन वसंतात गेली. फार दिवस आजारी नव्हती. तिचा फोन आता माझ्याकडे असतो. तुम्ही ते सांगलीचे वकील ना? आम्ही तुम्हाला चांगले ओळखतो. जेवायला माणसे जमली की ती तुमची गोष्ट सांगायचीच: तुम्ही वाद घालता घालता सायकलसकट कालव्यात कसे पडलात, तिने कॉलर धरून तुम्हाला कसे ओढून काढले, आणि काठावर निथळत उभे राहून तुम्ही पहिले वाक्य काय बोललात, तर पाणी चुकीच्या जागी आहे. सांगताना ती स्वतःच इतकी हसायची की शेवट आम्हाला सांगावा लागायचा.

मी कालव्यात कधीही पडलेलो नाही. माझी सायकल पाण्याला शिवलीही नाही, कॉलर कोणी धरली नाही, आणि पाण्याविषयी मी अवाक्षर काढलेले नाही.  मग बहिणीला उत्तर लिहिले: होय, तो मीच. पाणी फार थंड होते.