समुद्राकाठच्या कुरडया

बुरशीचा वास आला, की मला त्या कुरडया आठवतात. नोकरीसाठी मी कोकणात समुद्राकाठच्या गावी राहत होते. भर मे महिन्यात शेलूबाजारहून आई आली आणि स्वतः चीक शिजवून तिने अंगणात कुरडया घातल्या. “हवा दमट आहे, वाळायच्या नाहीत,” मी बजावलं. “काहून नाही वाळत वं? ऊन त सारखंच असते!” ऊन भाजत होतं, पण खारा वारा सुटला की कुरडया पुन्हा ओलसर. शेवटी त्यांवर हिरवी बुरशी चढली. आई समुद्रावरच डाफरली, “एवढं पाणी असून तुयं पोट नाही भरत? माया कुरडया कायले भिजवून राह्यला?” आता मी शेलूबाजारला परतले आहे आणि दर उन्हाळ्यात ती शेजारणींना सांगते, “समुद्राचं काही नाही, पोरीनं चीक कच्चा ठेवला होता.”