टिकली बाहेर जाऊन आली

ताईला सगळी गल्ली 'कडीताई' म्हणायची. गोठ्याच्या फाटकाची कडी ती स्वतः लावायची. दुसऱ्या कुणी लावली असली तर काढून पुन्हा लावायची. सतरा वर्षांपूर्वी चार गायींवर सुरू केलेला गोठा आता सव्वीसवर गेला होता, आणि त्या चौघींनंतर विकत आणलेलं एकही जनावर त्यात नव्हतं. सगळ्या इथेच जन्मलेल्या. "माझ्याकडे बाहेरून एक शेपूटसुद्धा आलेलं नाही," हे वाक्य दुधाच्या गिऱ्हाइकांना ती फुकट ऐकवायची.

तोटे तिला पाठ होते. गाय आटली की दुसरी आणून दूध भरून काढता येत नाही. कालवड मोठी होईपर्यंत अडीच-तीन वर्षं कळ काढायची. एकाच रक्तात घोळ नको म्हणून रेतनाचा वळू ठरवताना वहीत पार पणजीपर्यंतची वंशावळ बघायची.

"माझं स्थळ बघताना एवढं कुणी बघितलं नव्हतं," धाकटी म्हणायची.

"तेच तर चुकलं," ताई म्हणायची, आणि दोघी हसायच्या. धाकटी ही तिची सख्खी बहीण आणि गोठ्यातली अर्धी भागीदार. धारा दोघी मिळून काढायच्या, एकेक रांग वाटून.

जनावरांचा डॉक्टर अधूनमधून बजावायचा, "बंद गोठ्यात रोग सहसा येत नाही, कबूल. पण आलाच, तर तुमच्या गायींच्या अंगात त्याला ओळखणारं कुणी नाही."

"येईल कुठून?" ताईचा ठरलेला प्रश्न.

यंदा आला. आधी टिकली गाभडली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही गोठ्यातली सगळ्यात देखणी, पहिलटकरीण. सातव्या महिन्यात मेलेलं वासरू पडलं. दीड महिन्यात आणखी दोघींचं तेच झालं. डॉक्टरने सगळ्यांचं रक्त तपासायला पाठवलं. आज अहवाल हातात घेऊन तो फाटकाशी उभा होता.

"सात जणींना लागण आहे. यावर औषध नाही. त्यांना आजच्या आज वेगळं बांधा, पुढचं मग ठरवू."

"पण आलं कुठून हे? मी शपथेवर सांगते, डॉक्टर..."

"टिकलीपासूनच. प्रदर्शनातून आणल्यावर तिला महिनाभर वेगळी ठेवली होती ना?"

"कसलं प्रदर्शन?"

"अहो, दुसरा नंबर आला की तिचा! मी स्वतः टाळ्या वाजवल्या."

ताईने मागे वळून पाहिलं. धाकटी स्वच्छ बादली पुन्हा घासत होती. डॉक्टरला एकाएकी गाडीतले कागद आठवले आणि तो सटकला.

"माझ्या मोतीबिंदूच्या वेळी?" ताईने विचारलं.

"दोनच दिवस, ताई."

"मी फोन केला होता. टिकली काय करतेय, विचारलं. तू म्हणालीस, रवंथ करतेय."

"करतच होती गं."

"कुठे, ते मी विचारलं नाही. माझंच चुकलं, नाही का?"

धाकटीने बादली आपटली. "सतरा वर्षं इतकी देखणी गुरं वाढवली, ती बघितली कुणी? तू आणि मी! तिथे लोक थांबून थांबून बघत होते. कुणाची हो, म्हणून विचारत होते. आणि बाहेरची कुठे होती ती? आपलीच होती."

"फाटकाबाहेर गेली की बाहेरची. हे सगळ्यांना तूच सांगतेस."

"मग मीही बाहेरचीच! तीन वर्षं सासरी राहून परत आले. मला नाही वेगळं बांधलंस?"

ताई पेंडीच्या पोत्यावर बसली.

"तू दारात उभी राहून विचारलं होतंस, येऊ का म्हणून. टिकलीच्या वेळी मी नाही म्हणाले असते, हे तुला ठाऊक होतं. म्हणून विचारलं नाहीस. डोळ्यांवर पट्टी होती माझ्या, आणि तेवढ्यात तू काम उरकलंस."

धाकटीने आपटलेली बादली उचलून पालथी घातली.

डॉक्टर परत आला तो घसा खाकरतच. "आजारी जनावरांचं जो बघेल त्याने इकडे यायचं नाही. बूट वेगळे, बादल्या वेगळ्या, माणूसही वेगळा. तिकडे कोण राहील?"

धाकटी ताईकडे बघत राहिली. ताई अहवालातले सात जणींच्या कानातल्या बिल्ल्यांचे आकडे पुन्हा वाचत होती.

"मी," धाकटी म्हणाली.

"धारेच्या वेळीसुद्धा इकडे फिरकायचं नाही हं."

"कळलं."

तिने टिकलीचं दावं सोडलं. एकेक करून सातही जणी मागच्या शेडमध्ये गेल्या.

संध्याकाळी ताईने आपली रांग संपवली आणि धाकटीच्या रांगेत येऊन बसली. तांबडी दूध देईना. पाय झाडत राहिली.

मागच्या शेडमधून हाक आली. "ताई, तांबडी पान्हा चोरते गं! मानेखाली खाजव तिला!"

ताईने मानेखाली खाजवलं. पान्हा सुटला, बादलीत धार वाजायला लागली.

"सोडला का गं, ताई?"

ताईने ओ दिली नाही.