शेपटाच्या मागे कोण?

सायकलवाल्यांकडे किस्से कसे साठतात, सांगू? गाडीतून जाणाऱ्याला रस्ता दिसतो, पायी चालणाऱ्याला गाव दिसतं आणि सायकलवाल्याला दोन्ही अर्धवट दिसतं. उरलेलं अर्धं तो चहाच्या टपरीवर बसून भरून काढतो. आमच्या रत्नागिरीच्या ग्रुपमध्ये तर रविवारची राइड ही टपरीवर पोचायची नुसती सबब आहे. पण आता जे सांगणार आहे त्यातलं मी काही भरून काढलेलं नाही. मी कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे. भुताखेतांची पुस्तकं मी कपाटात लावते, वाचत नाही.

आमचा नेहमीचा रूट म्हणजे भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे. आधी खाडी, मग चढ, मग सडा. जांभ्या दगडाचं उघडं माळरान, त्याला आमच्याकडे सडा म्हणतात. एक सडा संपला की रस्ता खाली उतरतो आणि दम घ्यायच्या आत पुन्हा वर चढतो. त्यात धुकं उतरलं की पुढच्याची पाठसुद्धा दिसत नाही. म्हणून आमच्या नानांनी एक नियम घालून दिला आहे. नाना म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर, ग्रुपचे पुढारी, आणि अजूनही आम्हाला वर्गातल्या पोरांसारखे वागवतात.

नियम असा. सगळ्यात शेवटी एकानं राहायचं. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटानं कुणालाही ओव्हरटेक करायचं नाही. चढाच्या माथ्यावर सगळे थांबतात, शेपूट येऊन पोचलं की नाना विचारतात, "मागे कोण?" शेपूट सांगतं, "मागे कोण नाय." मगच पुढे निघायचं.

आमचं शेपूट कायम अनिल. पावसला त्याची आंब्याची बाग आहे, पाय असे दणकट की त्यानं खरं तर सगळ्यांच्या पुढे असायला हवं. पण त्याचा धाकटा भाऊ महेश, तोही आमच्यातलाच, एका पावसाळ्यात सकाळचा एकटाच सायकल घेऊन सड्यावर गेला, तो परत आलाच नाही. सायकल मिळाली. गडग्याला, म्हणजे दगडी बांधाला, नीट टेकवून ठेवलेली. पलीकडे नुसतं गवत. पोलिसांनी शोधलं, गावानं शोधलं, आम्हीही दगड न् दगड पालथा घातला. तेव्हापासून अनिल शेवटी असतो. त्याची आई महेशच्या फोटोला हार घालू देत नाही. "यायचाय तो," एवढंच म्हणते.

*

कौस्तुभ पुण्याचा. वर्क फ्रॉम होम मिळाल्यावर बायकोच्या माहेरी राहायला आला. त्याची सायकल कार्बनची, घरातल्या फ्रीजपेक्षा महाग आणि मांजरापेक्षा हलकी. तिला बेल नव्हती.

आता आमच्याकडे चढावर झाडाखाली राखणदाराचा, म्हणजे वाट राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. तिथून जाताना ट्रकवाला हॉर्न देतो, आम्ही बेल वाजवतो. नाना म्हणाले, "बेल लाव रे." कौस्तुभ म्हणाला, "बेलचं वजन होतं, सर." तो दगडाच्या पुढे गेला आणि त्याचं मागचं चाक बसलं. पुढच्या रविवारी पुन्हा तिथंच बसलं. नानांनी टायरच्या आतून बोट फिरवून बघितलं. काटा नाही, काच नाही. ट्यूबला भोकही नाही. हवा भरली, ती टिकली.

"मग झालं काय?" कौस्तुभनं विचारलं.

"काय होणार? हवा काढलीन कोणीतरी," नाना म्हणाले आणि पंप गुंडाळून ठेवला.

त्याच्या पुढच्या रविवारी कौस्तुभ बेल लावून आला. घाईत दुसरी न मिळाल्यामुळे पोरीच्या तीनचाकीची, पिवळ्या बदकाची! राखणदाराला ती चालली.

*

बेल आल्यावर कौस्तुभला पंख फुटले. एकदा दाट धुक्यात तो आम्हाला सोडून सुसाट पुढे गेला. आम्ही आपले संथ चाललो होतो, तर थोड्या वेळानं समोरून बदक वाजलं आणि हा धुक्यातून आमच्या अंगावर आला.

"तुम्ही सगळे परत का फिरलात?" त्यानं विचारलं.

"आम्ही नाय फिरलो. तू फिरलास."

त्यानं हातातलं घड्याळ दाखवलं. त्यावरच्या नकाशात त्याची रेघ सरळ पावसच्या दिशेनं गेलेली. सड्यावर तिथं रस्त्याला फाटासुद्धा नाही. नानांनी त्याला दगडावर बसवलं आणि जर्सी काढून उलटी घालायला लावली. चकवा लागला की आमच्याकडे असंच करतात.

"अहो, पण लोगो आत जाईल," कौस्तुभ म्हणाला.

"जाऊ दे लोगो. तू बाहेर पडलास की झालं."

आम्ही पोटभर हसलो. पण पुढे चालवताना तो माझ्या शेजारी आला आणि हळूच म्हणाला, "वैशालीताई, मी एकटा नव्हतो. माझ्यापुढे एक जण होता. मी त्याच्याच मागे चाललो होतो. मला वाटलं, अनिल असेल."

अनिल तेव्हाही आमच्या सगळ्यांच्या मागे होता. कौस्तुभला मी म्हटलं, "धुक्यात असं होतं." दुसरं काय म्हणणार?

*

पावसच्या अलीकडे एक वाडी लागते. तिच्या वळणावर एक तांबडा कुत्रा बसलेला असतो. तो प्रत्येक सायकलीवर एकदाच भुंकतो, कंडक्टरनं तिकीट फाडावं तसा. अनिल गेला की त्याची ड्युटी संपते आणि तो पुन्हा अंग टाकून देतो.

एकदा माझी चेन पडली म्हणून मी त्या वळणाच्या पुढेच थांबले होते. अनिल पुढे जाणार नाही, नियमच तो, म्हणून तोही माझ्याजवळ थांबला. कुत्रा आमच्या दोघांवर भुंकून आडवा झाला होता. मी चेन चढवत असताना तो परत उठला. रिकाम्या रस्त्याकडे बघून शेपटी हलवायला लागला. मग कुणाच्या तरी बाजूनं चालल्यासारखा, मान वर करून, आमच्या समोरून वाडीच्या टोकापर्यंत दुडक्या चालीनं गेला. तिथं क्षणभर उभा राहिला आणि एकटाच परत आला.

घराच्या पडवीत एक मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनीही ते बघितलं. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "तुमच्यातल्या महेशला तेवढा तो टोकापर्यंत पोचवायला जायचा. बाकी कोणाला नाय गेला कधी."

त्यांना अनिल कोण ते माहीत नव्हतं. माझे हात ग्रीसनं काळे झाले होते, ते मी उगाचच पुसत राहिले. अनिल पेडलवर पाय ठेवून उभा होता. "झाली का चेन?" एवढंच त्यानं विचारलं.

टपरीवर मी हे नानांना सांगितलं. नाना एरवी कशालाही उत्तर देतात. त्या दिवशी त्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "त्याच्यासमोर हा विषय काढायचा नाय." तेव्हापासून आम्ही काढला नाही.

*

यंदाची गोष्ट. गणपती आटोपले होते, पितृपक्ष लागला होता. सड्यावर फुलं आली होती, पण धुक्यात ती पायाखालचीच काय ती दिसत होती. निघायच्या आधी अनिल म्हणाला, "येत्या अमावास्येला महेशचं करून टाकतोय. भटजींशी बोललो."

"आई तयार झाली?" नानांनी विचारलं.

"आई म्हणाली, तू मोठा, तू ठरव. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाय." तो हेल्मेटचा पट्टा लावत होता, तो त्याला लागेना. "ती माझ्या मागे रडते, नाना. मी तरी किती वर्षं थांबू? आणि उद्या तो आला तर त्याला काय सांगू, तुझं करून मोकळा झालो म्हणून?"

नानांनी पुढे होऊन त्याचा पट्टा लावून दिला. मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं.

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, आज शेपूट तू हो. मला आज मागे बघायचं नाय."

मी हो म्हटलं. तो गेला तो सगळ्यांच्या पुढे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शेवटच्या चढावर मी एकटी पडले. सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय थांबवले की ते टिकटिक करतं, पेडल मारत राहिलं की गप्प असतं. म्हणून टिकटिक ऐकू येते ती उतारावर. चढावर कुणी पाय थांबवत नाही, थांबवले तर सायकल आडवी होते. आणि मला त्या चढावर माझ्या मागे टिकटिक ऐकू येत होती. आरामात, उतारावरून घरी निघाल्यासारखी.

"अनिल, पुढे जा ना," मी सवयीनं म्हटलं. म्हटल्यावर आठवलं की अनिल पुढे आहे.

मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. मी जोर लावला. टिकटिक तेवढ्याच अंतरावर राहिली. माथ्यावर नाना आणि कौस्तुभ उभे होते, त्यांच्याही पुढे अनिल, आमच्याकडे पाठ करून. मी पोचले, पाय टेकले.

"मागे कोण?" नानांनी विचारलं.

मला "मागे कोण नाय" म्हणायचं होतं. पण माझ्या मागे टिकटिक जवळ आली, मंदावली आणि थांबली. कौस्तुभनं आपल्याच चाकाकडे बघितलं. ते स्थिर होतं.

नानांनी पुन्हा विचारलं नाही.

अनिल वळला. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला. आधी त्याचा चेहरा पांढरा पडला, मग रागावला, उशिरा घरी आलेल्या धाकट्यावर मोठा भाऊ रागावतो तसा.

"किती उशीर रे," तो म्हणाला. "आई जेवायची थांबल्ये. चल, हो पुढे. मी आहे मागे."

मी सायकल बाजूला घेतली आणि वाट दिली.